टायरची नक्षी नवी, पण व्हॉल्व्हचं काय?

प्रश्न : दादा, आम्ही नवरा-बायकोनं नुकतंच एक वापरलेलं मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतलं. आधीच्या मालकांनी ते वर्षातून जेमतेम एखाद-दुसऱ्या सहलीला काढलं, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी आहे. मागे जोडचाकं आहेत आणि आतल्या चाकात हवा भरता यावी म्हणून व्हॉल्व्हला लांब रबरी नळ्या जोडल्यात. कॅपच्या जागी बसणारे, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर मी आणलेत. ते लावून लांबच्या प्रवासाला निघालं तर चालेल ना?

उत्तर : ताई, सेन्सर अजून खोक्यातच असू द्या. आधी टॉर्च घ्या आणि गाडीखाली वाका.

मोटारहोमचे टायर सहसा झिजून जात नाहीत, ते उभ्या उभ्या म्हातारे होतात. रबरात तडे रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. महिनोन् महिने एका जागी उभ्या गाडीत ते होत नाही आणि ऊन, हवा आपलं काम करत राहतात. म्हणून नक्षीवर जाऊ नका, जन्मतारीख वाचा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. ३४१६ असेल तर तो २०१६च्या ३४व्या आठवड्यात तयार झालाय. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते, म्हणून खाली वाकायला सांगितलं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही खोल असो, टायर बदला, असं बहुतेक उत्पादक सांगतात. मी स्वतः सातच्या पुढे थांबत नाही. इतकं वजन आणि आत घरची माणसं, तिथे मला तो धोका घ्यावासा वाटत नाही.

आता व्हॉल्व्ह. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, पुढच्या चाकातली हवा फक्त प्रवासात कमी व्हायची. उभ्या गाडीला साबणाचं पाणी लावलं, काहीच नाही. मग अंगठ्यानं व्हॉल्व्ह जरासा बाहेर वाकवला. बुडाशी रबराची बारीक चीर उघडली आणि तिथे एक बुडबुडा फुगू लागला. अंगठा काढला, बुडबुडा थांबला. वेगात फिरणाऱ्या चाकात व्हॉल्व्ह असाच बाहेर ओढला जातो. त्याच्या टोकाला तुम्ही सेन्सरचं वजन लावलंत की ती ओढ आणखी वाढते. काळजीनं आणलेली वस्तूच घात करायची, म्हणून तुम्हाला थांबवलं.

शिवाय दाबून बसवायचे साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्याच दाबासाठी असतात. मोटारहोमला कित्येकदा ८० किंवा जास्त लागतो. तेव्हा नटानं आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह सगळ्या चाकांना बसवून घ्या. त्यासाठी टायर रिमवरून सोडवावा लागतो, म्हणून टायर बदलायचे असतील तर दोन्ही कामं एकदमच करा.

त्या लांब नळ्या मला मुळीच आवडत नाहीत. नळी जोडली की व्हॉल्व्हची पिन कायम दाबलेली राहते, म्हणजे हवा अडवायला नळीच उरते. ती चाकाच्या डिस्कच्या भोकाला घासून फाटली की आतलं चाक बसतं, बाहेरून कळतही नाही, आणि सगळा भार जोडीच्या चाकावर येऊन तेही फुटू शकतं. टायरवर हातोडी मारून येणाऱ्या आवाजावरून हवा कमी झाल्याचं खात्रीनं ओळखता येत नाही. नळ्या काढा, आतल्या चाकाला लांब धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. मग सेन्सर खुशाल लावा.

हवा सकाळी, चाकं थंड असताना भरा. किती भरायची ते पाण्याची टाकी, सामान, माणसं यांसकट प्रत्येक चाकावरचं वजन करून टायर उत्पादकाच्या तक्त्यात बघा. वाटेत तापून दाब वाढलेला दिसला तर हवा सोडू नका.

आणि स्टेपनी उतरवून तिचेही चार आकडे वाचा. वापरलेल्या गाडीत ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.