सी मध्ये स्वॅप का होत नाही?

सी भाषेत तू दोन व्हेरिएबलच्या व्हॅल्यूंची अदलाबदल करणारं स्वॅप फंक्शन लिहिलंस, मेनमधून ५ आणि ९ दिलेस, पण ते बदललेच नाहीत. तुझं डोकं कमी पडत नाहीये, इथे बहुतेकांचं अडतं. सी फंक्शनला नेहमी व्हॅल्यूची कॉपी देते. आत अदलाबदल झाली ती कॉपींची. मेनमधले ५ आणि ९ जागच्या जागीच राहिले. मूळ व्हेरिएबल बदलायचं असेल तर त्याचा मेमरीतला पत्ता दे: कॉल करताना &, फंक्शनमध्ये पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल), आणि आतली व्हॅल्यू बदलताना *. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये & लिहितोस ना, तो याचसाठी.

दोन चुका हमखास होतात:

- * विसरून नुसत्या पॉइंटरांचीच अदलाबदल करणं.
- फंक्शनला दिलेल्या अ‍ॅरेची लांबी आत साइझऑफने (मेमरीतला आकार सांगणाऱ्या ऑपरेटरने) मोजणं. तिथे फक्त पहिल्या घटकाचा पत्ता पोचतो. लांबी वेगळी पाठव.

पॉइंटरचा पॉइंटर सध्या बाजूला ठेव. आज कागदावर चौकोन काढ, त्यात पत्ते लिही, बाण जोड आणि स्वॅप पुन्हा लिहून बघ.