भारताने सीटीबीटीवर सही का केली नाही?

अणुचाचण्या थांबवा, असं १९५४ मध्ये नेहरूंनीच जगाला सांगितलं होतं. मग १९९६ मध्ये भारतच सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या कराराला, म्हणजे सीटीबीटीला, आडवा का आला? कारण पाच अण्वस्त्रधारी देशांनी आपला साठा कधी संपवायचा, याची मुदत त्या मसुद्यात कुठेच नव्हती. वर असं कलम घातलं, की भारत धरून ४४ देशांनी मान्यता दिल्याशिवाय करार लागूच होणार नाही. ही सरळसरळ कोंडी होती. जिनिव्हात, कराराच्या वाटाघाटींत, आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी ठणकावून सांगितलं: आत्ता नाही, नंतरही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत कराराच्या बाजूने १५८ आणि विरोधात ३ मतं पडली. आपल्यासोबत फक्त भूतान आणि लिबिया. एवढं एकटं पडूनही ती भूमिका मला आजही योग्यच वाटते. १९९८ च्या पोखरण अणुस्फोटांनंतर भारताने चाचण्या थांबवल्या, त्या स्वतःहून.