डोळ्यांना न दिसणारी खूण छापून डुप्लिकेट माल पकडता येतो का? त्यासाठी यूव्ही शाई, म्हणजे फक्त अल्ट्राव्हायोलेट उजेडाखाली चमकणारी शाई, पुरेशी आहे का?

मी सिक्युरिटी इंकच्या लॅबमध्ये काम करतो. पकडता येतो, पण नुसत्या यूव्ही शाईवर विसंबू नका. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च कोणालाही मिळतो, शाईपण मिळते, मग ज्याने तुमचं लेबल हुबेहूब काढलं त्याला एवढं काय जड आहे? शिवाय बऱ्याच पांढऱ्या कागदात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं केमिकल) असतो, तो स्वतःच यूव्हीखाली निळा चमकतो आणि तुमची निळी खूण त्यात हरवून जाते.

त्यापेक्षा अपकन्व्हर्जन पिगमेंट बरं, म्हणजे न दिसणारा इन्फ्रारेड उजेड घेऊन दिसणारा उजेड देणारी पावडर. त्यात यटर्बियम आणि अर्बियम हे दोन धातू असतात, ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर मारला की यटर्बियम एनर्जी शोषून अर्बियमला देतं आणि हिरवा उजेड दिसतो, साधी शाई आणि ब्राइटनर दोघंही गप्प. (तो लेझर दिसत नाही पण डोळे घालवू शकतो, त्याच्यासाठीचा चष्मा लावल्याशिवाय खेळू नका.) गोची अशी की इंकजेटने छापायचं तर कण मायक्रॉनपेक्षा बारीक हवेत, नाहीतर पिगमेंट तळाशी बसतं आणि नोझल चोक होतं, आणि कण फार बारीक केले की चमक पार उतरते. मग स्क्रीन प्रिंटिंग बरं पडतं, पण त्यात प्रत्येक पॅकला वेगळा नंबर देता येत नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं खातं ते 'न दिसणं'च. समोरून काही कळत नाही, पण पॅक दिव्याखाली जरा तिरका धरा, शाई लागलेली जागा वेगळी चकाकते आणि अख्खा कोड वाचता येतो! म्हणून वरून सगळीकडे एकसारखं वार्निश मारायचं. यूव्ही खूण असेल तर वार्निशमध्ये किंवा लॅमिनेशनच्या फिल्ममध्ये यूव्ही अडवणारं केमिकल नाही ना हे आधी विचारून घ्या, नाहीतर खूण छापलेली असूनही रीडरला (खूण तपासणाऱ्या यंत्राला) सापडणार नाही.

आणि रीडर कोणाच्या हातात देणार ते शाई निवडायच्या आधी ठरवा. दुकानदार लेझर घेऊन बसणार नाही, त्याच्यासाठी होलोग्रामसारखं उघड दिसणारं काहीतरी लागेलच, लपलेली खूण ही तुमच्या इन्स्पेक्टरसाठी.

बाटलीतला माल असेल तर खूण फक्त लेबलवर नको. रिकाम्या ओरिजिनल बाटल्या गोळा करून त्यात नकली माल भरतात, खूण अस्सल ती अस्सलच निघते. झाकण आणि बाटली दोन्हीवर येणाऱ्या सीलवर छापा, म्हणजे उघडताना ती फाटेल.