सर्व्हेची लिंक पाठवली, पण भरतंय कोण? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या वेळचे जवळपास सगळे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, ऑनलाइन सर्व्हे पाठवला आणि लोक भरतच नाहीत. काही प्रश्न थोडे छोटे करून घेतलेत, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी सांगलीत घरगुती मसाले आणि चटण्या करते. जुन्या ६०० गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट करून गुगल फॉर्म पाठवला, २६ प्रश्न होते. आठवडा झाला, फक्त ३१ जणांनी भरला. लोकांना एवढा कंटाळा का येतो?

ताई, लोकांच्या कंटाळ्याचं नंतर बघू, आधी तो मेसेज ६०० जणांना पोचला का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, आणि मसाल्याची ऑर्डर देणारी किती माणसं तुमचा नंबर सेव्ह करत असतील तुम्हीच सांगा. एका लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात, म्हणजे तुम्ही तीन लिस्ट केल्या असणार. प्रत्येक लिस्टमधला तो मेसेज दाबून धरा, इन्फोमध्ये जा, किती जणांना डिलिव्हर झाला आणि किती जणांनी वाचला ते दिसेल (काहींनी रीड रिसीट बंद ठेवलेली असते त्यामुळे वाचल्याचा आकडा थोडा कमीच दिसतो). समजा २०० जणांनाच पोचला असेल तर तुमचा प्रतिसाद ५ टक्के नाही, १५ टक्क्यांच्या वर आहे, आणि तो अजिबात वाईट नाही.

दुसरं, फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एका माणसाला एकच उत्तर’ चालू आहे का बघा. ते चालू असलं की गुगल आधी साइन-इन मागतं, आणि मिरची पावडरबद्दल मत द्यायला पासवर्ड आठवत बसणारं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. व्हेरिफाइड ईमेल घेण्याचा पर्याय किंवा फोटो अपलोड करायचा प्रश्न ठेवला तरी हेच होतं. लिंक इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा, लगेच कळेल.

आणि २६ प्रश्न! गुगल फॉर्म तुम्हाला अर्धवट सोडून गेलेले लोक दाखवत नाही, फक्त सबमिट केलेले दाखवतो, त्यामुळे कितीजण नवव्या प्रश्नाला वैतागून निघून गेले ते तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यात ते चौकटी-चौकटींचे तक्ते असतील तर मोबाइलवर आडवं सरकवावं लागतं, ते आधी काढा. उरलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःला विचारा की याचं उत्तर हो आलं तर मी काय बदलणार आणि नाही आलं तर काय बदलणार, दोन्हीकडे काहीच बदलणार नसेल तर तो प्रश्न उडवा. तुम्हाला नवीन पाकीट किती ग्रॅमचं काढायचं आणि तिखटपणा कमी करायचा का एवढंच ठरवायचं असेल तर पाच प्रश्न पुष्कळ झाले.

एक सुचवते. पुढच्या महिन्यात जी पार्सलं जातील त्यात नव्या चटणीची छोटी पुडी टाका, सोबत क्यूआर कोड असलेली चिठ्ठी, ‘ही चाखून बघा आणि दोन मिनिटांत सांगा कशी झालीय’. फॉर्म भरा मग देऊ यापेक्षा आधीच हातात दिलेली छोटी वस्तू जास्त काम करते, हे पोस्टाने सर्व्हे पाठवायचे तेव्हापासून पुन्हा पुन्हा तपासून झालेलं आहे. तुमच्याकडे तर द्यायला मसालाच आहे, मोठ्या कंपन्यांना एवढं सोपं नसतं.

प्रश्न: मी पुण्यात एमबीएला आहे. प्रोजेक्टसाठी सर्व्हेची लिंक भरपूर ग्रुपवर टाकली, २१० उत्तरं आली. गाइड म्हणतात रिस्पॉन्स रेट लिही, आणि ३८५ पाहिजेतच. मुदत पंधरा दिवसांची आहे, काय करू?

रिस्पॉन्स रेट (विचारलेल्यांपैकी किती टक्के लोकांनी भरलं) लिहूच नका, कारण तो काढताच येत नाही. भागिले काय करणार? किती जणांनी लिंक बघितली हे तुम्हाला माहीत नाही, कुणी ती पुढे कुठल्या ग्रुपवर ढकलली ते तर त्याहून नाही. सरळ लिहा की उघडी लिंक होती, सोयीचा नमुना आहे (म्हणजे हाताशी आले त्यांनाच विचारलं), उत्तरं २१०. गाइडना हे पटायला हवं, नाही पटलं तर त्यांनाच विचारा की भाजक कुठला धरू (नम्रपणे विचारा, मार्क त्यांच्या हातात आहेत).

३८५ चा आकडा येतो ९५ टक्के खात्री आणि अधिक-उणे ५ टक्के चूक या सूत्रातून, पण ते सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. मित्रांच्या ग्रुपमधून ३८५ काय ३,८५० गोळा केले तरी त्याला ते लागू होत नाही. याचं गाजलेलं उदाहरण १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं, लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळपास १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २३ लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यांनी सांगितलं की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतून, मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे असणार ते वेगळं सांगायला नको, शिवाय पत्रिका परत पाठवण्याची ज्यांना जास्त हौस होती ते रूझवेल्टवर चिडलेलेच जास्त होते. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी ५०,००० च्या आसपास लोकांवरून विजेता बरोबर सांगितला. म्हणून तुमचे पंधरा दिवस अजून ग्रुप शोधण्यात घालवू नका. २१० मध्ये कोण कमी पडलंय ते बघा, बहुतेक चाळिशीपुढचे आणि नोकरी न करणारे कमी असतील, त्यांच्यातल्या वीस-तीस जणांना गाठून भरून घ्या आणि रिपोर्टमध्ये तसं नमूद करा.

प्रश्न: ठाण्यातल्या एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीत मार्केटिंगला आहे. सर्व्हेच्या ईमेलचा ओपन रेट ४० टक्के दाखवतो पण भरणारे एक टक्का पण नाहीत. बॉस म्हणतात लकी ड्रॉमध्ये आयफोन ठेवू. ठेवू का?

४० टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने त्यांच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीची जी सोय आणली तिच्यामुळे मेलमधली चित्रं आधीच आपोआप लोड होऊ शकतात, माणसाने मेल बघितली नसली तरी. चित्र लोड झालं की मेल उघडली असं मोजलं जातं, म्हणून तुम्हाला ते ओपन दिसतं. क्लिक मोजा, आणि फॉर्म पूर्ण किती जणांनी केला ते मोजा, बाकी आकडे बॉसना दाखवायला ठीक आहेत.

मेल इनबॉक्समध्ये जातेय का हेही आयटीवाल्यांना विचारा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलीय हे पटवणारी सेटिंग) हे तिन्ही लागतं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात आणि प्रमोशनच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये अनसब्स्क्राइब द्यावं लागतं. ऑफरच्या मेलांचा मारा करून लोकांनी तुम्हाला स्पॅममध्ये टाकलेलं असेल तर त्याच पत्त्यावरून गेलेला सर्व्हे पण तिथेच जाऊन पडणार.

आता आयफोन. नका ठेवू. आपल्याकडे ‘अभिनंदन, फॉर्म भरा आणि आयफोन जिंका’ अशी मेल आली की शहाणा माणूस ती डिलीट करतो, आणि करायलाच पाहिजे, सायबर फसवणुकीसाठी सरकारला १९३० ही हेल्पलाइन काढावी लागली ती उगाच नाही. म्हणजे तुमचं चांगलं गिऱ्हाईक पळणार आणि बक्षिसासाठी दहा ईमेल आयडी बनवणारे येणार. एकदा का लिंक ‘घरबसल्या कमवा’ छाप टेलिग्राम ग्रुपवर गेली की रात्रीतून हजारभर उत्तरं येतात, सगळी चाळीस सेकंदांत भरलेली आणि सगळीकडे तिसरा पर्याय. तेवढ्याच पैशात पूर्ण भरणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या ऑर्डरवर ५० रुपये सूट द्या, किंवा कूपन मेलमध्ये आधीच देऊन टाका, आणि लिंक प्रत्येकाची वेगळी ठेवा म्हणजे एकदाच भरता येईल.

मेल नो-रिप्लायवरून नको, कुणातरी खऱ्या माणसाच्या नावाने जाऊ दे, कंपनीच्याच डोमेनवरून, छोट्या केलेल्या विचित्र लिंक न वापरता. विषयात ‘तुमचं मत आमच्यासाठी अमूल्य आहे’ असलं काही नको, ‘मंगळवारी आलेल्या ऑर्डरबद्दल ४ प्रश्न’ असं लिहा, आणि चारच प्रश्न विचारा! पहिला प्रश्न मेलमध्येच द्या, १ ते ५ मधलं बटण दाबलं की पुढचं पान उघडेल, याने फरक पडतो. फक्त गिऱ्हाइकं कंपन्यांच्या ईमेलवर असतील तर जपून, तिथले सिक्युरिटी फिल्टर मेलमधल्या सगळ्या लिंक स्वतःच उघडून बघतात आणि तुम्हाला वाटतं माणसाने १ पासून ५ पर्यंत सगळं दाबलं. पुढच्या पानावर सबमिट केल्याशिवाय उत्तर धरूच नका.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यात आमचं ठिबकचं दुकान आहे, डाळिंबवाले शेतकरी जास्त. ९०० जणांना लिंक पाठवली, ९० उत्तरं आली. मुलगा म्हणतो १० टक्के म्हणजे भारी. मला ते पटत नाही, कारण भरणारी सगळी तरणी पोरं दिसतात.

दादा, तुमची शंका एकदम रास्त आहे आणि आजच्या सगळ्या प्रश्नांत मला हाच प्रश्न जास्त आवडला. मुलाचंही अगदीच चूक नाही, अमेरिकेत प्यू रिसर्चसारख्या मोठ्या संस्थेचा फोनवरच्या सर्व्हेचा प्रतिसाद १९९७ मध्ये ३६ टक्के होता तो २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला, त्यामानाने १० बरेच. पण टक्का कमी म्हणून निष्कर्ष चुकतो आणि जास्त म्हणून बरोबर येतो असं होत नाही. रॉबर्ट ग्रोव्ह्ज म्हणून या विषयातले मोठे अभ्यासक आहेत, पुढे ते अमेरिकेच्या जनगणना खात्याचे प्रमुखही झाले, त्यांनी २००६ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासून हेच दाखवलं की नुसत्या प्रतिसादाच्या टक्क्यावरून चूक किती असेल ते फारसं सांगता येत नाही. गप्प बसलेले लोक भरणाऱ्यांपेक्षा वेगळे आहेत का, यावर ते ठरतं.

आणि ते बघायचा रस्ता जुना आहे, हॅन्सन आणि हर्विट्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये सांगितलेला. उत्तर न दिलेल्या ८१० जणांची यादी घ्या, दर सोळावं नाव उचला, पन्नास होतील. त्या पन्नास जणांना फोन करा, नाही उचलला तर परत करा, शेतावर जाणं होतच असतं तर तिथे गाठा, पण नाव बदलू नका, ‘हा भेटत नाही तर त्याच्या भावाला विचारू’ असं केलंत की सगळं मुसळ केरात. समजा लिंक भरलेल्यांत ६० टक्के तुमच्या सर्व्हिसवर खूश आहेत, म्हणजे ५४ जण. आणि फोनवाल्या पन्नासांत ४० टक्केच खूश निघाले, म्हणजे ८१० मध्ये साधारण ३२४ धरायचे. दोन्ही मिळून ३७८, भागिले ९००, म्हणजे ४२ टक्के. ६० आणि ४२ मध्ये किती फरक आहे बघा, एकावर तुम्ही दुसरं दुकान टाकाल आणि दुसऱ्यावर आधी फिटरला बोलवून घ्याल. अर्थात पन्नासांवरून काढलेला आकडा दहा-बारा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो हे धरून चाला.

फोन करायला बहर धरण्याची किंवा फवारणीची गडबड नसेल ते दिवस निवडा, आणि संध्याकाळी जेवणाआधी करा. प्रश्न तेच ठेवा, त्याच शब्दांत, पण फोनवर दुकानाच्या मालकाने विचारू नये, तोंडावर कोण नाव ठेवणार! कॉलेजातल्या एखाद्या मुलीला बसवा.

प्रश्न: रिमाइंडर किती वेळा पाठवावा? लोक चिडतात.

दोनदा, फार तर तीनदा. ज्यांनी भरलंय त्यांना परत गेला की ते चिडतात आणि बरोबरच चिडतात, त्यामुळे भरलेल्यांची नावं आधी काढा. पहिल्या दोन दिवसांत बहुतेक उत्तरं येऊन जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला रिमाइंडर, मग आठवड्याने दुसरा, वेळ आणि शब्द दोन्ही बदलून. सकाळी अकराला उत्तर दिलं नाही त्याला परत सकाळी अकरालाच विचारू नका. आणि गणपती-दिवाळीत पाठवायचं तर मग उत्तराची अपेक्षाच सोडा.

प्रश्न: नाव, मोबाइल, उत्पन्न हे सुरुवातीला विचारावं का शेवटी?

शेवटी, आणि लागत नसेल तर विचारूच नका. अमुक वयाचेच लोक पाहिजेत अशी चाळणी असेल तर तेवढा एक प्रश्न वर घ्या. उत्पन्न आकड्यात न मागता गटात मागा आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा. मोबाइल नंबर घेऊन वर ‘तुमची ओळख गुप्त राहील’ लिहिणं तर कमालच आहे, लोकांना कळतं ते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण लक्षात ठेवा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत, माहिती कशासाठी घेताय ते साध्या भाषेत सांगून संमती घ्यावी लागणार आहे आणि १८ च्या खालच्या मुलांसाठी पालकांची. फॉर्मच्या वर तीन ओळी लिहा, कोण विचारतंय, कशासाठी, माहिती कधी पुसणार. ‘ओटीपी किंवा बँकेची माहिती मागणार नाही’ ही ओळ पण टाका, भरणाऱ्याला जरा धीर येतो.

प्रश्न: एक पॅनेल कंपनी दोन दिवसांत १,००० उत्तरं देते म्हणते. घ्यावीत का? मग रिस्पॉन्स रेटचा प्रश्नच मिटला.

मिटला नाही, फक्त तुमच्या नजरेआड गेला. पॅनेल म्हणजे सर्व्हे भरायला तयार असलेल्या लोकांची कंपनीकडची यादी. त्या हजारांसाठी किती जणांना विचारलं होतं ते त्यांना विचारा. शहरी तरुण गिऱ्हाईक, साधी वस्तू, दोन जाहिरातींमधली कुठली आवडते असल्या कामाला पॅनेल चालतं, मी पण वापरते. गावाकडचं, साठीपुढचं किंवा फक्त मराठीतच वाचणारं गिऱ्हाईक हवं असेल तर बहुतेक पॅनेलांत ते औषधाला सापडतं आणि मग तेच चार लोक प्रत्येक सर्व्हेत येतात. घ्यायचंच असेल तर आधी शंभर उत्तरं घ्या, प्रत्येकाला लागलेला वेळ आणि कच्चा डेटा मागा, मध्ये एक मोकळं लिहायचा प्रश्न ठेवा आणि ती शंभर उत्तरं स्वतः वाचा, एकसारखी गुळगुळीत वाक्यं दिसली तर माणसाने लिहिलेली नाहीत असं समजा. बाद झालेल्या उत्तरांचे पैसे कोण सोसणार हे ऑर्डर द्यायच्या आधी लेखी घ्या, तिथे टाळाटाळ झाली तर दुसऱ्याकडून कोटेशन मागवा.