"हे इथून तिकडे गेलं" म्हणजे कुठून कुठे?

प्रश्न: मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. यंदा वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थिनी आहे. माझा अर्धा तास फळ्यावरच्या आलेखांतच जातो. अडचणी विचारल्या तर तिला वाईट वाटेल, म्हणून अजून बोललो नाही. काय करावं?

उत्तर: सर, बोला. फक्त वर्गासमोर नको. माझी नजर चौदाव्या वर्षी गेली. कॉलेजात एका सरांनी भर वर्गात विचारलं, "तुला काहीच दिसत नाही का?" आणि सगळी बाकं एकदम करकरली. पोरं वळून बघत होती. त्याच वर्षी एका मॅडमनी तास संपल्यावर हळूच विचारलं, "फळ्यावरचं तुझ्यापर्यंत कसं पोचवू?" त्यांचा एकही तास मी बुडवला नाही.

फळ्यावर लिहा, पण लिहिताना बोला. "क्ष वजा सरासरी भागिले प्रमाण विचलन" यात भागायचं कशाला, नुसत्या सरासरीला की सगळ्याला? कानाला कळत नाही. "कंसात क्ष वजा सरासरी, कंस पूर्ण, भागिले" म्हटलं की झालं. वर्गमूळ कुठे संपलं तेही सांगा. "हे इथून तिकडे गेलं" हे मात्र कायमचं सोडा. (डोळस मुलांना तरी ते कळतं का, मला शंकाच आहे.)

आलेखासाठी पुठ्ठ्यावर डिंकाने जाड दोरा चिकटवा. उजवीकडे लांबलेली शेपटी बोटाला क्षणात कळते. शब्दांत सांगायला मला अजूनही दोन मिनिटं लागतात.

वहीच्या पानाचा फोटो पाठवू नका. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फोटो आला की "ग्राफिक" म्हणतो आणि पुढे जातो. टाइप केलेली फाइल द्या, तीही युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधलं मराठी तो भलतीच अक्षरं म्हणून वाचतो.

परीक्षेत ती सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्या लेखनिकाला गणिताची चिन्हं येतात का, आधी बघा. माझ्या लेखनिकाला सिग्मा, म्हणजे बेरजेचं चिन्ह, ठाऊक नव्हता; "इंग्रजी एम आडवा पाड" हे समजावण्यात जादा वेळेतली दहा मिनिटं गेली. मेहरबानीचे गुण मात्र देऊ नका, ते आम्हाला लगेच कळतात.

आणि पुढे काय शिकवणार ते तिला आठवडाभर आधी सांगा. छापील पानं स्कॅन करून, त्यातल्या चुका निस्तरून ती ऐकण्याजोगी करायला तेवढे दिवस लागतातच.