बलून फ्लॉवर लावताना

आपण थंड प्रदेशात राहता आणि बागेत बलून फ्लॉवर लावू इच्छिता, तर पहिली गोष्ट ही की त्याची जागा एकदाच, नीट विचार करून ठरवावी. चीन, कोरिया आणि जपानमध्ये मूळ असलेल्या या बहुवर्षायू वनस्पतीचे मांसल सोटमूळ गाजरासारखे खोल जाते आणि ते तुटले की रोप सावरायला फार वेळ घेते.

बी मातीत पुरू नये, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. ओलसर मातीवर भुरभुरून हलके दाबले की पुरते. पाण्याचा निचरा मात्र उत्तम हवा, कारण हिवाळ्यात मुळाशी पाणी साचले की ते कुजते. वसंतात हे रोप इतक्या उशिरा वर येते की अनेक जण ते मेले असे समजून तिथेच खणतात, म्हणून शरदात जागेवर काठी रोवून ठेवावी. कळी उमलण्यापूर्वी फुग्यासारखी टम्म फुगते. मुलांना ती दाबून फोडायचा मोह होतो, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही.

चिनी वैद्यकात याचे वाळवलेले मूळ, म्हणजे ज्येगंग, कफ आणि घसादुखीवर ज्येष्ठमधाबरोबर देतात, तर कोरियात तेच मूळ दोराजी या नावाने भाजी म्हणून खातात. तरीही बागेतले मूळ उपटून स्वतःच काढा करू नये. त्यात सॅपोनिन, म्हणजे पाण्यात साबणासारखी फेसाळणारी द्रव्ये असतात आणि मात्रा जाणकारानेच ठरवावी.