भाडेकरूच्या नावावर केस दिसली, फ्लॅट द्यायचा का?

प्रश्न : आमचा चिंचवडला वन बीएचके आहे, तो भाड्याने द्यायचाय. एजंटने एक मुलगा आणलाय, चाकणला कंपनीत आहे, बोलायला बरा वाटला. पण माझ्या भाच्याने कोर्टाच्या साइटवर त्याचं नाव टाकलं तर मारामारीची एक केस दिसली. एजंट म्हणतो काकू पाचशे द्या, पोलीस व्हेरिफिकेशन करून देतो, मग काही टेन्शन नाही. देऊ का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : काकू, आधी त्या पाचशेचं बोलू. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, भाच्याला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. भाडेकरूचा फोटो, आधार, गावचा पत्ता, कंपनीचं नाव आणि एजंटचं नाव-नंबर, असं काय काय लागतं. आणि मुख्य म्हणजे त्याची जी पोचपावती मिळते ती तुम्ही माहिती दिली याची असते, मुलगा स्वच्छ आहे याची नाही. सोसायट्यांमध्ये ती फाइलला लावून सगळे निवांत होतात, तसं होऊ नका.

फॉर्म मात्र भराच. भाडेकरूची माहिती द्या असा मनाई आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात, पूर्वी कलम 144 होतं, जुलै 2024 पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 163, तो एका वेळी दोन महिन्यांच्या वर चालत नाही म्हणून परत परत निघतो. मोडला तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 223 खाली गुन्हा घरमालकावर, भाडेकरूवर नाही! ॲग्रीमेंट रजिस्टर करणंही तुमचीच जबाबदारी, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता ती केस. नाव जुळलं म्हणजे माणूस तोच असं नसतं, आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नाव-आडनावाचे किती निघतील सांगता येत नाही आणि साइटवर फोटो नसतो. त्यामुळे सरळ त्यालाच विचारा, बाबा ही केस तुझी आहे का, असेल तर नंबर दे. नंबर मिळाला की तीन गोष्टी बघा. कलम कुठलं, साल कुठलं आणि केस संपली असेल तर ‘नेचर ऑफ डिस्पोजल’ (म्हणजे केस कशी निकाली निघाली) समोर काय लिहिलंय. तिथे ‘ॲक्विटेड’ असेल तर तो निर्दोष सुटलाय, विषय संपला. 324, 504, 506 (जुन्या आयपीसीची, हत्याराने दुखापत, मुद्दाम अपमान, धमकी) ही तर गावाकडे बांधावरच्या भांडणात लागणारी नेहमीची कलमं, पुतण्यापासून आजोबांपर्यंत सगळ्यांची नावं टाकतात. 420 (फसवणूक) किंवा 354 (विनयभंग) असेल आणि केस चालू असेल तर मीही दहा वेळा विचार करीन. खात्रीच हवी असेल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा, त्यासाठी अर्ज त्यालाच करावा लागतो, एजंटला नाही.

नाही म्हणायचं असेल तर म्हणा, घर तुमचं आहे. फक्त तो स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, नाव दुसऱ्याचंच निघालं तर बदनामीचं झेंगट तुमच्या गळ्यात. आणि खरं सांगू का, भाडं बुडवणारे नि फ्लॅट न सोडणारे जे त्रास देतात ना, त्यांच्यावर बहुतेक वेळा एकही केस नसते, म्हणून आधीच्या घरमालकाला एक फोन कराच.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, जुनं टाउनहाउस रेंटवर द्यायचंय. ॲप्लिकेशन फॉर्मवर ‘तुम्हाला कधी अटक झालीय का’ असा प्रश्न टाकू का? नवरा म्हणतो टाक, विचारायला काय जातं.
– एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, पहिल्याच वेळी हजार डॉलरपर्यंत दंड जाऊ शकतो, ते जातं. तुमच्याकडे 1 जानेवारी 2022 पासून फेअर चान्स इन हाउसिंग ॲक्ट लागू आहे. उत्पन्न, क्रेडिट, आधीच्या घरमालकाचा रेफरन्स हे आधी बघायचं, पटलं तर कंडिशनल ऑफर (रेकॉर्ड ठीक निघालं तर घर देतो अशी) द्यायची आणि मगच क्रिमिनल रेकॉर्ड काढायचा, तोही काढणार आहोत हे ॲप्लिकेशन फी घ्यायच्या आधी लेखी सांगून. नुसती अटक झाली, शिक्षा नाही, हे कधीच धरायचं नाही. शिक्षा झालेली असली तरी फर्स्ट डिग्रीला (सगळ्यात गंभीर गुन्हे) 6 वर्षं, सेकंड-थर्डला 4, फोर्थला 1, त्याच्या मागचं सोडून द्यायचं. खून, किडनॅपिंग, गंभीर लैंगिक गुन्हे वगैरेंना ही मुदत नाही. ऑफर मागे घेतलीत तर कारण लेखी द्यावं लागतं.

मालक स्वतः त्याच इमारतीत राहतो आणि चारपेक्षा जास्त युनिट नाहीत, अशांना सूट आहे, पण तुम्ही तिथे राहत नाही म्हणजे तुम्हाला ती नाही. नवऱ्याला सांगा फॉर्मवरची ती ओळ खोडा.